आठवड्यात एक तास काम केलं की माणूस बेरोजगार राहत नाही, हा हिशोब आहे तरी काय?

गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसात मी गावी होतो, गंगाखेडच्या पुढं आमचं गाव, आणि त्याच दिवशी चुलत्याच्या घरी सरकारचा, रोजगार-बेरोजगारी मोजणारा सर्वेवाला आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हानं वैतागलेला. काकूनं पाणी दिलं, चहा टाकला आणि मग तो ओसरीवर बसून एकेकाला विचारायला लागला. गेल्या सात दिवसात काय केलं, सोमवारी काय, मंगळवारी काय, किती तास, पैसे मिळाले का. चुलता शेती करतो आणि गावात छोटं किराणा दुकान आहे. काकूचं घर, म्हैस आणि वावरातली खुरपणी. चुलत भाऊ बीए होऊन तीन वर्षं झाली, तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी, जे निघेल त्याचा फॉर्म भरतो.

शेवटी मीच विचारलं, यात बेरोजगार म्हणून कोण लागलं? तो म्हणाला कुणीच नाही.

चुलता भडकला. "बीए झालेलं पोरगं तीन वर्षं झाली घरी बसलंय, सोयरिक जमंना, अन् तुमच्या मशीनीत बेरोजगार कुणीच नाही व्हय?"

सर्वेवाला गरीब बिचारा, म्हणाला, "काका, सकाळी तुम्ही वावरात जाता तेव्हा दुकान कोण उघडतं? हेच ना? मग झालं की."

हे 'मग झालं की' मला तेव्हा काही पचलं नाही. नंतर शोधून वाचलं, एकदोन जाणकारांना विचारलं, आणि लक्षात आलं की सर्वेवाल्यानं नियमानंच लिहिलं होतं. गडबड अशी आहे की 'बेरोजगार' हा शब्द आपण एका अर्थानं बोलतो आणि मोजणारे दुसऱ्याच अर्थानं वापरतात. आता दर महिन्याला बेरोजगारीचा आकडा बातम्यांमध्ये येतो आणि दर महिन्याला फेसबुकवर तीच मारामारी होते, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

आधी 'काम' वेगळं आणि 'रोजगार' वेगळा

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणून एक संस्था आहे, जिनिव्हात, १९१९ सालची. तिला आयएलओ म्हणतात. जगभरच्या देशांचे कामगार-आकडे मोजणारे लोक दर काही वर्षांनी तिथं जमतात आणि ठरवतात की काम म्हणजे काय धरायचं. पहिली अशी परिषद १९२३ ला झाली. आज जी व्याख्या चालते तिचा पाया १९८२ च्या परिषदेत पडला आणि २०१३ ला तिची मोठी दुरुस्ती झाली.

२०१३ ला त्यांनी एक फार कामाची गोष्ट केली. म्हणाले, काम म्हणजे माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू किंवा सेवा तयार करतो ते सगळंच. मग पैसे मिळोत न मिळोत. आणि या कामाचे प्रकार पाडले. गावातलंच बघा, कापूस वेचायला किलोवर मजुरीनं जाणं, स्वतःचा हरभरा मोंढ्यावर नेऊन विकणं, हे कमाईसाठीचं काम. घरच्यासाठी स्वयंपाक, घरच्या खाण्यापुरती ज्वारी पिकवणं, सरपण आणणं, म्हाताऱ्याचं आजारपण काढणं हे स्वतःच्या वापरासाठीचं काम. गॅरेजवर बिनपगारी शिकायला बसलेलं पोरगं तिसऱ्या प्रकारात. बंधाऱ्याच्या श्रमदानाला गेलेला चौथ्या, म्हणजे स्वयंसेवा. आणि कैद्याला सक्तीनं करायला लावलेल्या कामासारखं जे उरतं ते पाचव्या प्रकारात.

यातलं फक्त पहिलं, म्हणजे पगार, मजुरी किंवा नफा यासाठी केलेलं काम, त्याला 'रोजगार' म्हणायचं. बाकीचं सगळं काम आहे, पण रोजगार नाही.

मग चुलत भावाला तर दुकानात एक रुपया मिळत नाही, तो कसा रोजगारात? तर दुकान नफ्यासाठी आहे आणि नफा त्याच्याच घरात येतो. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारा माणूस रोजगारातच धरतात. १९५४ च्या ठरावात अशा घरच्या माणसासाठी अट होती की नेहमीच्या कामाच्या वेळेच्या निदान एक तृतीयांश वेळ त्यानं काम केलेलं पाहिजे. १९८२ ला ती अट काढली आणि सगळ्यांना एकच माप लावलं, आठवड्यात एक तास.

एकच तास? ही काय चेष्टा आहे का

सगळ्यात जास्त शिव्या या एका तासाला बसतात.

हवामान खात्याचं 'पावसाचा दिवस' मोजायचं एक माप आहे. चोवीस तासात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला की तो पावसाचा दिवस. २.५ मिलिमीटर म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, धूळ बसते फक्त, पेरणीयोग्य ओल काही होत नाही. तरी तो दिवस मोजला जातो, कारण त्या मापाचं काम एवढंच सांगायचं आहे की पाऊस आला की नाही आला. किती आला त्यासाठी मिलिमीटर वेगळे मोजतात. आता कुणी म्हणालं यंदा पावसाचे दिवस चांगले झाले म्हणून विहिरी भरल्या, तर आपण हसू.

एक तासाचं तसंच आहे. त्यातून फक्त एवढं कळतं की या आठवड्यात कमाईचं काम अजिबात नव्हतं की थोडं तरी होतं. बेरोजगारी या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थच 'काम पूर्ण शून्य' असा आहे. काम अपुरं आहे, परवडत नाही, शिक्षणाला शोभत नाही, यासाठी दुसरी मापं आहेत.

एक तासच ठेवायचं अजून एक कारण म्हणजे देशाच्या उत्पन्नाचा हिशोब. जीडीपीत मजुराच्या एका तासाच्या कामातून आलेलं उत्पन्नही धरतात, मग ते करणारा माणूस रोजगाराच्या यादीत नको का? आणि समजा दहा तास ठेवलं, तर नऊ तास धुणीभांडी करून त्यावर घर चालवणारी बाई बेरोजगार धरायची का? रेष कुठंही मारली तरी रेषेला टेकून कुणीतरी बसलेलं असतंच.

माझं मत विचाराल तर एक तासाच्या मापात वाईट काही नाही, पण ते एकटं सांगणं वाईट आहे. टीव्हीवाले पावसाचे दिवस सांगतात आणि मिलिमीटर खाऊन टाकतात.

'पण हे सरकारनं आकडा कमी दाखवायला काढलंय'

नाही. सरकार कुणाचंही असो, हा एक तास आपल्या सरकारनं शोधलेला नाही. अमेरिका पण आठवड्यात पैशासाठी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरते, फक्त घरच्या धंद्यात बिनपगारी असेल तर तिथं पंधरा तासांची अट आहे. म्हणजे आमचं पोरगं रोज तासभर दुकान उघडून अमेरिकेत असतं तर रोजगारात गेलं नसतं. हे ऐकून चुलता म्हणाला, मग त्याला अमेरिकेलाच धाडू.

यावरून एक लक्षात घ्या की आयएलओचे हे ठराव म्हणजे कायदा नाही. मार्गदर्शक आहेत. प्रत्येक देश आपल्या सोयीनं थोडंफार वाकवतो, आणि म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून 'बघा आपण त्यांच्यापेक्षा भारी' म्हणण्यात फार अर्थ नसतो.

बेरोजगार व्हायलाही पात्रता लागते

बेरोजगार म्हणून मोजलं जायला आयएलओच्या मापानं तीन गोष्टी एकदम लागतात. कमाईचं काम अजिबात नसलं पाहिजे, गेल्या महिन्याभरात काम शोधायला काहीतरी हालचाल केलेली पाहिजे, आणि मिळालं तर लगेच जायची तयारी पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी तुम्ही बेरोजगार नाही. मग कोण? तुम्ही 'श्रमबाजाराच्या बाहेर'. विद्यार्थी, गृहिणी, म्हातारी माणसं यांच्या रांगेत.

आणि बेरोजगारीचा दर काढताना भागायचं असतं ते फक्त काम करणारे अधिक शोधणारे यांच्या बेरजेनं. गावातल्या सगळ्या माणसांनी नाही. दहावीच्या निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात, ज्यानं फॉर्मच भरला नाही तो नापासात येत नाही, तसं.

साधं गणित करू. गावात मोठी माणसं १००. कामावर ५५, शोधणारी ५, बाकीची ४० बाहेर. दर झाला ६० मध्ये ५, म्हणजे ८.३ टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी तिघं थकली, म्हणाली जाऊ द्या, आता नाही फिरायचं. शोधणारे राहिले २, बेरीज ५७, दर ३.५ टक्के. गावात एकही नवीन काम आलं नाही आणि बेरोजगारी निम्म्याहून खाली!

भारतात इथं एक शहाणपणाची गोष्ट केलेली आहे. आपल्याकडं 'शोधत नव्हतो पण मिळालं तर करायला तयार होतो' असं सांगितलं तरी बेरोजगारात धरतात. कारण गावात शोधायचं म्हणजे काय करायचं? मुकादम स्वतःच येतो, शेतवाल्याचा निरोप येतो, काम असलं तर सगळ्यांना माहीत असतं आणि नसलं तरी. अर्ज घेऊन हिंडायची पद्धत शहरातली. म्हणजे या बाबतीत आपलं माप आयएलओपेक्षा सैल आहे, कमी दाखवणारं नाही, उलट जास्त दाखवणारं आहे, आणि हे कुणी सांगत नाही.

एकच देश, तोच काळ आणि दोन आकडे

आपल्याकडं हा सगळा सर्वे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करतं. पूर्वी दर पाच वर्षांनी व्हायचा, २०१७ पासून दरवर्षी व्हायला लागला, त्याला पीएलएफएस म्हणतात. २०१७-१८ ला त्याचा बेरोजगारीचा दर ६.१ टक्के आला होता तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवत असेल. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा आला ३.२ टक्के. आणि २०२४ या कॅलेंडर वर्षाचा दुसऱ्या मापानं आला ४.९ टक्के. एप्रिल २०२५ पासून महिन्याचे आकडे यायला लागले, पहिलाच होता ५.१. लोक म्हणाले बघा, ३.२ चा ५.१ झाला. झाला नव्हता. फूटपट्टी बदलली होती.

३.२ वाला वर्षाचा हिशोब आहे. गेल्या ३६५ दिवसात जास्त काळ काय केलं ते तुमचं मुख्य काम. मुख्य म्हणून तुम्ही बेकार असलात पण मधी मधी मिळून निदान ३० दिवस काहीतरी केलंत तर ते जोडकाम, आणि जोडकामवाला पण रोजगारात. दुसरा हिशोब आठवड्याचा, गेल्या सात दिवसात एक तास तरी. अजून एक रोजचा पण होता, त्यात अर्धा दिवस, पूर्ण दिवस असं मोजायचे.

आता हे बीडच्या कोयत्याला लावून बघा. कोयता म्हणजे नवरा बायकोची जोडी, ऊसतोडीच्या हिशोबात दोघं मिळून एक माणूस धरल्यासारखं. दसरा दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली, गाडी भरून लेकराबाळांसकट निघायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि परत यायचं ते पाडव्याच्या आगेमागे. मग उन्हाळाभर घरी, पाऊस पडला तर खुरपणी, नाही पडला तर बसून. हा माणूस वर्षाच्या हिशोबात कधीच बेरोजगार दिसणार नाही. मे महिन्यात आठवड्याचा हिशोब केला तर दिसेल. आणि जानेवारीत विचारायला गेलात तर घराला कुलूप. सहा महिन्यांपेक्षा कमी बाहेर असलेला माणूस घरचाच धरायचा असा नियम आहे, पण सांगणार कोण, आंधळी म्हातारी?

एकाच आकड्यात बेरोजगारी पकडायचा हट्ट आपल्या देशात चालणार नाही हे काही नवीन नाही. बेरोजगारी कशी मोजायची हे बघायला सरकारनं नेमलेल्या दांतवाला समितीनं १९७० लाच सांगितलं होतं. त्या समितीच्या पद्धतीनं पहिला मोठा सर्वे झाला १९७२-७३ ला, म्हणजे नेमका दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा आपल्याकडं अख्खी गावं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. व्याख्येनं ती सगळी माणसं रोजगारातच. सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या आमच्या आज्याला तू तेव्हा रोजगारात होतास असं सांगितलं असतं तर त्यानं काय म्हटलं असतं ते इथं लिहिता येणार नाही.

काकूची म्हैस

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो.

काकूच्या म्हशीचं दूध संध्याकाळी डेअरीला जातं. म्हणून ती रोजगारात. समजा उद्या डेअरी बंद झाली आणि सगळं दूध घरातल्यांनीच पिलं, तर २०१३ च्या आयएलओ मापानं ती रोजगारातून बाहेर, कारण ते स्वतःच्या वापरासाठीचं काम झालं. म्हैस तीच, शेण तेच, पहाटे पाचला उठणं तेच. पण भारतानं हा २०१३ चा बदल पूर्ण घेतलेला नाही, आपल्याकडं घरी खायला पिकवलेलं धान्य, घरी प्यायलेलं दूध पण रोजगारात मोजतात. त्याच वेळी सरपण गोळा करणं, घरच्यापुरतं शिवणटिपण, याला सर्वेत वेगळा कोड आहे, ९३ नंबर, आणि तो श्रमबाजाराच्या बाहेर. स्वयंपाक, धुणं, लेकरं तर जगात कुठंच रोजगारात धरत नाहीत.

म्हणून बायकांचा आकडा फार हलतो. आपल्या देशात काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ ला ४१.७ झालं. सहा वर्षात एवढी मोठी उडी. खेड्यात तर २४.६ वरून ४७.६. यातला मोठा भाग स्वतःचा छोटा धंदा आणि घरच्या शेती-दुकानात बिनपगारी मदत असाच आहे. काहींचं म्हणणं बायका खरंच जास्त कामाला लागल्या, काहींचं म्हणणं आधी पण करतच होत्या, आता नीट विचारलं जातं. मला दोन्ही थोडं थोडं वाटतं, पण काकूला सर्वेवाल्यानं आधी विचारलं "तुम्ही काय करता" तेव्हा ती म्हणाली "काही नाही, घरीच असते". त्यानं परत विचारलं, "म्हैस कोण बघतं?" तेव्हा कुठं गाडी पुढं गेली. तो दुसरा प्रश्न विचारायचा कंटाळा केला असता तर काकू गृहिणी म्हणूनच गेली असती.

घरातलं काम मोजायला वेगळा सर्वे आहे, वेळेच्या वापराचा. २०२४ च्या त्या सर्वेत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी आली २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. पुरुषांच्या ८८ मध्ये कोण कोण आहे कुणास ठाऊक, आमच्या वाड्यातलं तरी कुणी नाही.

मग बघायचं काय?

नुसता बेरोजगारीचा दर बघून आपल्या भागाचं काही कळत नाही. गरीब माणसाला बेरोजगार राहणं परवडतच नाही, तो काहीतरी करतोच, मजूर अड्ड्यावर उभा राहून आठवड्यात दोन दिवस मिळाले तरी तो रोजगारात. बेरोजगार म्हणवून घ्यायला मागं कुणीतरी खाऊ घालणारं लागतं. म्हणून तर शिकलेल्यांमध्ये बेरोजगारी नेहमी जास्त दिसते, लातूरला आणि संभाजीनगरला अभ्यासिका भरून वाहतात त्या बापाच्या सोयाबीनवरच.

दराच्या शेजारी तीन गोष्टी बघा. शंभरातले कितीजण प्रत्यक्ष काम करतात. त्यातले पगारी किती, रोजंदार किती आणि घरच्या धंद्यात बिनपगारी किती. आणि आठवड्याचे तास. आयएलओनं पण २०१३ लाच सांगितलंय की बेरोजगारीच्या सोबत अजून तीन दर काढा, एकात काम आहे पण तास कमी आणि अजून करायची तयारी आहे असे लोक मिळवा, एकात थकून शोधणं सोडलेले मिळवा, एकात सगळेच मिळवा. हे सगळे शेजारी शेजारी छापले तर अर्धी भांडणं मिटतील.

रोजगार केंद्रात नाव नोंदवलेल्यांचा आकडा मात्र बेरोजगारी म्हणून फेकू नका. माझं कार्ड कॉलेजात असताना काढलेलं आहे, नोकरी लागल्यावर ते रद्द करायला मी काही गेलो नाही, तुम्ही गेला होता का?

तोच माणूस, पुढच्या महिन्यात

नवीन पद्धतीत एकाच घरी चार महिने लागोपाठ येतात. तसा तो सर्वेवाला पुढच्या महिन्यात परत आला. मी नव्हतो, चुलत भावानं फोनवर सांगितलं. त्या आठवड्यात तो परीक्षेसाठी संभाजीनगरला मित्राच्या रूमवर होता, दुकानात पाय नाही, एक फॉर्म पण भरलेला. आल्यावर विचारणा झाली, सात दिवसात काम? नाही. शोधलं? हो, परीक्षा दिली, फॉर्म भरला. लगेच जाशील? आजच जातो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, लागलो की बेरोजगारात." खूश होता. "पप्पाला सांगितलं, तर म्हणाले गेल्या महिन्यात बरा होतास, एवढ्यात काय बिघडलं?"